यासीनच्या गिटारची नवी मान

वाद्यं दुरुस्त करणाऱ्या माणसाकडे कुणी आनंदाने येत नाही. मुलगी पसंत पडली, पोरगा पास झाला म्हणून पेटी उचलून माझ्या दुकानात आलेला एकही माणूस मला आठवत नाही. पेटीतून वारा गळायला लागला, तंबोरा आपटला, सतारीची खुंटी निसटली की मग मास्तरांची आठवण. आणि काम झालं की, एवढंच होतं होय, असं म्हणून मोकळे. पनवेलच्या बाजारपेठेत मी आयुष्यभर हे ऐकलं. त्यामुळे संपादकांनी दिवाळी अंकासाठी धंद्यातल्या गमतीजमती लिहा म्हटल्यावर मी आधी सरळ नाही म्हणालो. गमती कसल्या, डोंबलाच्या! पण मग घरी आल्यावर वाटलं की एक गोष्ट लिहून टाकावी. ती गंमत नाही, हे आधीच सांगतो. ज्यांना फराळाबरोबर हसायचं आहे त्यांनी पान उलटावं.

आधी आमचं काम काय असतं ते सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. पेटीच्या पोटात पितळी सूर असतात. तो सूर टोकाला किंचित घासला की चढतो, बुडाशी घासला की उतरतो. हातात एक बारकी कानस आणि बाकी सगळा कानाचा कारभार. तंबोऱ्याला जवारी काढायची म्हणजे तारा ज्या घोडीवरून जातात तिचा माथा घासून असा करायचा, की तार तिला लागूनही लागू नये. सतारीचे पडदे, म्हणजे दांडीवरच्या त्या पितळी कमानी, दोऱ्याने बांधलेल्या असतात. त्या बोटाने सरकवून जागेवर आणायच्या. जागा कोणती? कान सांगेल ती. गिरगावात मी ज्या मिरजेच्या उस्तादांच्या हाताखाली शिकलो, ते मोजपट्टीला हात लावू देत नसत. एकदा मी पडद्यांमधलं अंतर पट्टीने मोजताना सापडलो, तर त्यांनी ती पट्टी माझ्या हातातून घेतली आणि शेजारच्या सुताराला देऊन टाकली. त्या दिवसानंतर स्वर मोजायचा नसतो, ऐकायचा असतो, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं. इतकं पक्कं बसायला नको होतं.

गिऱ्हाईक एकेक नमुना. जवळच्या ओवे गावचे धर्माकाका त्यांच्या भजनी मंडळाची पेटी डोक्यावर घेऊन चालत आले. मी भाता उघडला तर आत उंदराने घर केलेलं, चार पिल्लं वळवळत होती. मी ती झटकायला गेलो तर काकांनी हात धरला. म्हणाले, "पिलां मोठी होऊ दे मास्तर, मंग बगू. आमाला घाई नाय." आणि खरंच पेटी तीन आठवडे माझ्या दुकानात उंदरांचं बाळंतपण करत पडली. तोवर ओव्यात नुसत्या टाळांवर भजन झालं. काकांनी त्याबद्दल कधी कुरकुर केली नाही, उलट मलाच विचारायचे, पिलां कशी हायत.

दुसऱ्या आमच्या गावातल्या गाणं शिकवणाऱ्या माई. त्यांची पेटी मी त्यांच्या स्वतःच्या आवाजाच्या षड्जाला धरून लावून दिली. बाजारात मिळणाऱ्या पेटीत गांधार किंचित चढा असतो, तो मी घासून घासून असा उतरवला की माईंच्या आवाजात विरघळून जायचा. माई सगळ्या गावाला सांगत सुटल्या की मास्तरांनी पेटीला गायला शिकवलं. माझं नाव झालं. पुढे गणपतीत एक बाहेरगावचे गवई आले, त्यांचा सूर वेगळा, साथीला माईंची हीच पेटी. तिसऱ्या मिनिटाला सगळं फाटायला लागलं. मी पहिल्या रांगेत बसलो होतो. शेजारच्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने मी म्हणालो की बुवांचा घसा बसलेला दिसतोय. लोक हसले. बुवांनी गाणं आवरतं घेतलं. पेटी एका पट्टीत गोड लावली की दुसरीत कडू होते, ही साधी गोष्ट मला तेव्हा दिसायला हवी होती. पण माझ्या कामात खोट असेल असं मनात आणायची मला सवयच नव्हती. पनवेलमध्ये सुराचं भांडण झालं की लोक माझ्याकडे येत. चालता-बोलता न्यायाधीशच झालो होतो मी.

आता यासीन.

आमच्या दुकानापासून दोन गल्ल्या सोडून मोहल्ला. तिथल्या बऱ्याच घरांतले पुरुष जहाजावर. कादरभाई त्यांतलाच, माझ्याच वयाचा, बोलायला कमी आणि शब्दाला पक्का. बाप लवकर गेल्यावर धाकट्या भावाला, यासीनला, त्यानेच वाढवलं. यासीन त्याच्याहून बारा-तेरा वर्षांनी लहान. जपानच्या फेरीवरून येताना कादरभाईने त्याच्यासाठी एक विजेवर वाजणारी गिटार आणली. पनवेलला तेव्हा रेल्वे नवी नवी होती आणि ही गिटार तर त्याहून नवी. भरीव लाकूड, लाल रंग, पोटात पोकळी नाही. मला तर ते वाद्यच वाटेना. आवाज हवा तर रेडिओला जोडायची. माझ्या दुकानातल्या जुन्या रेडिओच्या पाठीमागे ग्रामोफोन जोडायची दोन भोकं होती, त्यात वायर खुपसून यासीन वाजवायचा. रस्त्यावर माणसं थांबायची. भाजीवाल्या बायका टोपल्या खाली ठेवून ऐकायच्या.

आणि वाजवायचा छान हो. आज सांगतो, फारच छान वाजवायचा. कुणी शिकवलेलं नाही, रेडिओवर ऐकून उचललेलं. ठाण्याला एका लग्नात मुंबईचा एक ऑर्केस्ट्रा आला होता, त्यांचा गिटारवाला आजारी पडला, म्हणून पाहुण्यांत आलेल्या यासीनला बसवलं. ऑर्केस्ट्राच्या मालकाने जाताना त्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं की पावसाळा संपला की दादरला ये, नीट ऐकतो आणि जमलं तर कायमचा घेतो. यासीन तिथून आला तो जमिनीवर नव्हताच.

घरी मात्र दुसरी गोष्ट शिजत होती. कादरभाईने त्याची जहाजाची कागदपत्रं करून ठेवली होती, इंजिनखात्यात. यासीनला इंजिनखात्याची धास्ती होती. जहाजाच्या तळाशी, उन्हाचं नाव नाही, अंगाची लाही करणारी उष्णता आणि कान फुटतील एवढा आवाज. कादरभाईने स्वतः तिथे उमेदीची वर्षं काढली होती, त्यामुळे त्याला त्यात भिण्यासारखं काही वाटत नव्हतं. पण माणूस न्यायी. त्याने यासीनला सांगितलं की ऑर्केस्ट्रात घेतलं तर तू तिथला, मी हूं की चूं करणार नाही. नाही घेतलं तर जहाज. दोघांनी ते मान्य केलं. म्हणजे दादरच्या त्या एका दुपारवर त्या पोराचं सगळं आयुष्य टांगलेलं होतं.

पावसाळ्याचे चार महिने वाजवून झालं की गिटार घरात भिंतीला टेकवून ठेवलेली, तारा ताणलेल्या तशाच. आमच्याकडची हवा कशी, खाडीची. दसऱ्याच्या सुमाराला यासीन गिटार घेऊन आला तेव्हा तिची मान पुढे वाकली होती आणि वर एका अंगाला पिळलीही होती. मान म्हणजे सतारीची दांडी असते तो भाग, ज्यावर डाव्या हाताची बोटं फिरतात. तारा पडद्यांपासून इतक्या वर उचलल्या गेल्या होत्या की दाबताना बोटाला घट्टे पडावेत. शेकून, दाबून, वजन बांधून मी दोन दिवस ती सरळ करायला पाहिली. काही उपयोग झाला नाही. नवीन मान मुंबईत मिळेना. दादरचा वायदा बारा दिवसांवर. यासीन म्हणाला, "मास्तर, तुम्हीच करा. तुमच्यापेक्षा चांगली कोण करणार?"

झालं! मला तेवढंच पाहिजे होतं.

कामाबद्दल थोडं सांगतो, कारण त्या कामाचा मला अजून अभिमान आहे आणि तोच सलतो. ही मान खोडाला, म्हणजे खालच्या लाल धडाला, चिकटवलेली नसते. खोडात एक खोबणी असते, तीत मानेची टाच बसते आणि पाठीमागून चार स्क्रू. स्क्रू काढले की मान हातात. पनवेल बंदरात एक मचवा मोडीत निघाला होता, त्याच्या सागवानाचा एक तुकडा मी केव्हाचा जपून ठेवला होता. वर्षानुवर्षं खारं पाणी पिऊन ते लाकूड असं मुरलेलं की त्याला आता कसली हवा वाकवणार! त्यातून मी मान कोरली. आत खाच पाडून लोखंडी पट्टी बसवली. टाच खोबणीत अशी बसली की मधे कागद सरकला नसता. वरच्या टोकाच्या हाडाच्या पट्टीपासून खालच्या घोडीपर्यंत तारेची लांबी जुन्याएवढीच ठेवली, बरं का, तेवढं मी मोजलं. तारा पिळायच्या चाव्या जुन्याच लावल्या. राहिले पडदे.

गिटारचे पडदे सतारीसारखे सरकत नाहीत. लाकडात करवतीने चीर पाडायची, पडद्याची तार तीत ठोकायची, संपलं. एकदा बसला तो बसला. जुन्या मानेवर चिरा होत्याच, त्यांवरून नवीन मानेवर खुणा केल्या असत्या तर तासाभराचं काम होतं. पण जुनी मान काढायच्या आधीच मी ती तंबोऱ्याशी ताडून पाहिली होती. चौथ्या पडद्यावर गांधार चढा. नवव्यावर धैवत चढा. अकराव्यावर निषाद चढा. मी गालात हसलो. म्हटलं, कारखान्यात मशीनवर करणारी ही माणसं, यांना कसला कान. शिवाय लाकूड पिळल्यामुळे पडदे सरकले असतील असंही मनाला पटवलं. उस्तादांनी शिकवल्याप्रमाणे तंबोरा छेडत, दोऱ्याने तात्पुरते पडदे बांधून, सरकवत सरकवत मी एकेका स्वराची जागा कानाने ठरवली आणि मग तिथे चीर पाडली. तांदळाच्या दाण्याहूनही कमी फरक, पण कानाला केवढा गोड! जुन्या मानेतून उपसलेल्या पडद्यांच्या तारा त्या चिरांत ठोकल्या. एका तारेवर सा-रे-ग-म वाजवून पाहिलं आणि माझे डोळे भरून आले. जपान्यांनी केलेली चूक पनवेलच्या मास्तरने दुरुस्त केली, असं त्या वेळी मला खरोखर वाटलं.

वायद्याला दोन दिवस राहिले तेव्हा यासीन घ्यायला आला. आधी त्याने एक सूर, मग दुसरा असं वाजवलं आणि खूश झाला. मग कॉर्ड वाजवली. कॉर्ड म्हणजे तीन-चार सूर एकदम, तीन-चार तारांवर एकाच वेळी बोटं ठेवून. पहिली बरी वाजली. दुसरी वाजवली आणि तो थांबला. तारा जुळवल्या, पुन्हा वाजवली, पुन्हा थांबला. घाबरत घाबरत म्हणाला की मास्तर, ही जरा फाटल्यासारखी वाटते.

मला इतका राग आला! दहा दिवस पाठ मोडून काम केलं आणि हा कालचा मुलगा मला सूर शिकवणार? मी त्याला फैलावर घेतलं. म्हटलं, मी गवयांचे तंबोरे लावतो, तू रेडिओवरून उचललेलं वाजवतोस. इतकी वर्षं चढ्या गांधाराची सवय झाली आहे तुझ्या कानाला, शुद्ध ऐकलं की वाकडं वाटणारच. दोन दिवस हात बसू दे. तो वरमला. माफी मागितली, माझ्या पाया पडला आणि गिटार घेऊन गेला.

दादरला काय झालं ते त्यानेच मला सांगितलं. मालकाने तीन गाणी वाजवायला लावली. पहिल्याच गाण्यात हात वर करून थांबवलं, म्हणाला तारा जुळव. याने जुळवल्या. पुन्हा थांबवलं. एक कॉर्ड जुळवली की दुसरी बिघडायची, दुसरी जुळवली की पहिली. पेटीवाला हसायला लागला.  शेवटी मालकाने गिटार खाली ठेवायला सांगितलं आणि विचारलं की ठाण्याला त्या दिवशी तूच होतास ना? एवढंच. याने ठाण्याहून पनवेलची शेवटची एसटी पकडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधी तो फळीवर येऊन बसला होता, शेजारी कादरभाई. तक्रार करायला आले नव्हते ते. तक्रार केली असती तर बरं झालं असतं, मी भांडलो असतो आणि भांडता भांडता कदाचित काही दिसलं असतं. कादरभाई म्हणाला की मास्तर, एकदा गिटार तपासून बघा. मी तपासली. पुन्हा तंबोरा काढला, एकेका तारेवर एकेक स्वर लावून दाखवला. सगळे निर्मळ. कादरभाईला त्यातलं काही कळत नव्हतं. तो शांतपणे ऐकत होता. मग त्याने मला विचारलं, "वाद्य बरोबर आहे. मग दोष कुणाचा? मास्तर, याला कान आहे की नाही, तुम्ही सांगा. तुमचा शब्द मी अखेरचा धरतो."

यासीन माझ्या तोंडाकडे बघत होता.

मी विचार करायला किती वेळ घेतला असेल? सुपारी कातरायला लागतो तेवढाही नाही. मी म्हणालो, "गिटार शुद्ध आहे. दोष याच्या कानात आहे. काही जणांना उपजत कान नसतो, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही."

कादरभाईने मान हलवली.  गिटार तशीच गादीवर सोडून दोघं गेले. नंतर कादरभाईने निरोप पाठवला की ती कुणाला तरी देऊन टाका. महिन्याभरात यासीन जहाजावर गेला.

गिटार मी खुंटीला टांगली. सव्वा-दीड वर्ष गेलं असेल. एका ख्रिस्ती लग्नासाठी मुंबईहून बँड आला होता, त्यातला एक गोवेकर म्हातारा व्हायोलिनची घोडी बसवून घ्यायला माझ्याकडे आला. घोडी घासेपर्यंत वेळ घालवायला म्हणून त्याने गिटार खाली काढली, तारा जुळवल्या, दोन-तीन कॉर्ड वाजवल्या आणि तोंड वाकडं केलं. मग मान डोळ्यासमोर धरून एका डोळ्याने पडद्यांकडे बघत राहिला. त्याने मोजपट्टी मागितली. कोपऱ्यात ती जुनी वाकडी मान पडली होती, तिच्या चिरा मोजल्या, नवीनचे पडदे मोजले आणि मला म्हणाला, "ये किसने किया? बहोत मेहनत से गलत किया है."

त्याने मला दोन मिनिटांत समजावून दिलं. सतारीत गाणं एका तारेवर चालतं, बाकीच्या तारा साथीला, षड्ज एकच. तिथे कानाने लावलेला गांधार गोडच लागणार. गिटारीत एकच पडदा सहा तारांखालून आडवा जातो. जो पडदा एका तारेचा गांधार, तोच दुसरीचा आणखी कुठला स्वर. त्यामुळे पडदे ठरावीक हिशेबाने बसवतात, प्रत्येक स्वर किंचित चढा किंवा उतरा ठेवून, म्हणजे सगळ्याच पट्ट्या सारख्या चालतात. एका तारेचं भलं करायला गेलं की बाकीच्यांचं वाटोळं. बोलता बोलता तो हसत होता. पुन्हा विचारलं की कुणाचं काम हे?

मी म्हणालो की कोण जाणे, कुणीतरी आणून टाकली आहे.

तो गेल्यावर मी दुकानाची फळी लावली आणि आत बसून राहिलो. माईंच्या पेटीवर गायलेल्या त्या बाहेरगावच्या बुवांचीही आठवण झाली. पण बुवांचं फार तर एक गाणं गेलं. इथे मी एका चांगल्या कानाच्या माणसाला, त्याच्या भावासमोर, तुला कान नाही असं सांगितलं होतं. आणि त्याने ते ऐकून घेतलं होतं, कारण सांगणारा मी होतो. दुसऱ्या दिवसापासून मी पडदे उपसले, चिरा सागवानाच्या काड्यांनी बुजवल्या, जुन्या मानेवरून खुणा घेऊन नवीन चिरा पाडल्या. दोन दिवसांचं काम. इतकं सोपं होतं ते.

मग यासीनला कळवायचं होतं. कंपनीच्या पत्त्यावर कार्ड टाकता आलं असतं. कादरभाईचं घर दोन गल्ल्या पलीकडे. मी काय केलं? तो रस्ता सोडून दिला. बाजारातून जाताना लांबचा वळसा घ्यायला लागलो. मनाला सांगायचो की मुलगा मार्गाला लागला आहे, बहिणीचं लग्न केलंन, घराला पत्रे जाऊन कौलं आली, आता कशाला जुनं उकरायचं. हे सगळं थोतांड. खरं कारण एकच. गावात कळलं असतं की मास्तरांना गिटारचे पडदे बसवता आले नाहीत आणि वर त्यांनी एका पोराला बहिरा ठरवलं. माझ्या दुकानात माल असा नव्हताच काही, माझा कान हेच दुकान होतं. ते मला बंद करायचं नव्हतं. याला भित्रेपणा म्हणतात, आणि मी भित्रा निघालो.

चौथ्या वर्षी यासीन सुट्टीवर आला आणि परत निघायच्या दोन दिवस आधी नेमका दुकानातच येऊन उभा राहिला. अंगाने भरला होता, एका हातावर भाजल्याचा चट्टा. माझ्यासाठी परदेशी कानशींचा संच आणला होता. पेढे काढले, निकाह झाल्याचे. मी विचारलं की बँड होता का. तो हसला. म्हणाला नको म्हटलं मी. जहाजावर सगळे मिळून गातात तेव्हाही मी उठून वर जातो, आपल्याला कळत नाही तिथे उगाच कशाला बसा. आणि मग तो म्हणाला की मास्तर, तुमचे उपकार आहेत, दुसरा कुणी असता तर खोटी आशा लावून पाच-सहा वर्षं फुकट घालवली असती माझी.

मला ते सहन झालं नाही. मी सगळं सांगितलं. गांधार, चिरा, गोवेकर म्हातारा, खोटं बोललो तेही. खुंटीवरून गिटार काढून त्याच्या हातात दिली. त्याने रेडिओला जोडली नाही. तशीच मांडीवर घेतली, तारा जुळवल्या आणि ती दुसरी कॉर्ड वाजवली, जी त्या दिवशी त्याला फाटल्यासारखी वाटली होती. इतक्या वर्षांत हात लावला नव्हता, तरी बोटं बरोबर पडली. मग पुढची. मग त्या पुढची. सगळ्या सुरात होत्या.

तो रडेल, शिव्या देईल, गिटार माझ्या डोक्यात घालेल, कशालाही मी तयार होतो. त्याने गिटार बाजूला ठेवली आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "मास्तर, मला कान नाही हे मी कबूल करून टाकलं होतं. त्यामुळे खाली इंजिनात मला काही वाटत नव्हतं. आता परवा मी खाली कसा उतरू?"

 मी म्हटलं की अजून वय आहे, ऑर्केस्ट्रावाल्याकडे मी स्वतः येतो, पायावर डोकं ठेवतो. त्याने मान हलवली. बायको, आई, बहिणीच्या सासरची देणीघेणी, सगळं त्या जहाजावर उभं होतं. जाताना दारात थांबून म्हणाला की कादरभाईला यातलं काही कळू देऊ नका. त्याने मला तुमच्या शब्दावर पाठवलं आहे. त्याला कळलं तर तो स्वतःला माफ करणार नाही. मी कबूल केलं. गिटार त्याने नेली नाही.

त्यानंतर यासीन सुट्टीवर आला की रस्त्यात दिसायचा, सलाम करायचा, दुकानात येत नसे. कादरभाई मात्र जहाज सोडल्यावर रोज संध्याकाळी माझ्या फळीवर येऊन बसू लागला. पनवेल वाढत गेलं, पलीकडच्या भातशेतात खांदा कॉलनी झाली, दुकान विकून मी तिकडे मुलाकडे राहायला गेलो, तरी त्याने येणं सोडलं नाही. दर खेपेला कुठल्या ना कुठल्या निमित्ताने यासीनचं नाव निघायचं, आणि दर खेपेला तो मला मोठेपणा द्यायचा. मी चहा मागवायचो.

गेल्या वर्षी कादरभाई शेवटचा आजारी पडला तेव्हा त्याने मला बोलावून घेतलं. घर माणसांनी भरलेलं. यासीन खाटेच्या पायथ्याशी उभा, दाढी पांढरी झालेली. कादरभाईने माझा हात दोन्ही हातांत धरला. धाप लागत होती, तरी थांबत थांबत बोलला.

"मास्तर, यासीनच्या वेळी तुम्ही तोंड बघून बोलला नाहीत. खरं ते सांगितलंत. माझ्या मनाला कधी टोचणी लागली नाही, ती तुमच्यामुळे."

यासीन माझ्याकडे बघत होता. मी म्हणालो, "त्यात काय कादरभाई, जे होतं ते सांगितलं."